वाचक विचारतात : आपला माणूस निवडून आला, पुढे काय?

मागच्या अंकात विकसनशील देशांतल्या निवडणुकांवर लिहिलं होतं, त्यात एक वाक्य असं होतं की निवडणुका वेळेवर होतात एवढ्यावरून लोकशाही बरी चाललीय असं समजू नका. त्या एका वाक्यावर ढीगभर पत्रं आलीत, निम्मी रागावलेली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे घेतोय.

प्रश्न : सर, रवांडाच्या संसदेत निम्म्याहून जास्त बायका आहेत असं वाचलं. मग आपण स्वतःला उगाच सगळ्यात मोठी लोकशाही म्हणवतो का? ते आपल्या पुढे नाहीत का? (एक कॉलेजविद्यार्थिनी)

उत्तर : बायकांच्या संख्येत पुढे आहेत, वादच नाही. २००३ च्या घटनेत त्यांनी किमान ३० टक्के जागा बायकांना ठेवल्या आणि २००८ मध्ये जगात पहिल्यांदा एखाद्या संसदेत बायका बहुमतात आल्या ती हीच संसद, २०१३ ला तर ८० पैकी ५१. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेत ५४३ मध्ये ७४ बायका निवडून आल्या, आणि २०२३ ची जी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती आहे ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेच्या खुंट्याला बांधून ठेवलेली. आणि रवांडात हे नुसतं शोभेला नव्हतं बरं का, बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा २००८ चा कायदा तिथल्या महिला खासदारांनीच पुढाकार घेऊन आणला.

आता त्याच देशातली दुसरी गोष्ट. अध्यक्ष पॉल कागामे यांना २०१७ च्या निवडणुकीत जवळपास ९९ टक्के मतं पडली, २०२४ ला ९९ च्याही वर. जिथे खरोखर कोणी समोर उभं राहू शकतं तिथे असे आकडे येत नाहीत हो. डियान रविगारा नावाच्या बाईंना २०१७ मध्ये कागामेंच्या विरोधात उभं राहायचं होतं, तर पाठिंब्याच्या सह्या खोट्या आहेत म्हणून त्यांचा अर्जच बाद झाला, मग अटक, वर्षभराहून जास्त तुरुंगात, आणि २०१८ च्या शेवटी कोर्टाने निर्दोष सोडलं. २०२४ ला पुन्हा अर्ज केला, यावेळी कागदपत्रं अपुरी निघाली. म्हणजे बायकांचं बहुमत असलेल्या संसदेच्या देशात एका बाईला अध्यक्षपदाच्या बॅलटवर नावसुद्धा लावता आलं नाही.

मी कुठल्याही देशाकडे बघताना दोनच गोष्टी आधी शोधतो, तिकीट कोण देतं आणि घरी कोण बसवू शकतं. रवांडात दोन्हीचं उत्तर शेवटी एकाच ऑफिसात जातं. सभागृहाचा फोटो झकास येतो, तिथले खासदार मात्र वरती बघून चालतात.

प्रश्न : मग कोट्याचा उपयोग काय? आमच्याकडे बाई सरपंच आणि कारभार नवरा बघतो, सहीपुरती बाई. हे थोतांड बंद करावं असं स्पष्ट मत आहे. (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, सरपंचपती हा प्रकार आहे, नाकारत नाही, आणि तो आपल्याच डोक्यातून निघालेला नाही. मेक्सिकोत २००९ ला काय झालं बघा, पक्षांना कोट्यामुळे बायकांना तिकिटं द्यावी लागली, त्या निवडून आल्या, आणि संसद सुरू झाल्या झाल्या त्यातल्या काही जणींनी रजा मागितली. तिथे प्रत्येक उमेदवाराबरोबर एक बदली उमेदवार निवडून येतो, तर या बायकांचे बदली सगळे पुरुष, कोणाचा नवरा, कोणाचा नातेवाईक, कोणी पक्षातला वजनदार गडी. बाईने जागा जिंकायची आणि बुवाने बसायचं. लोक या बायकांना ‘हुआनिता’ म्हणायला लागले.

त्यांनी कोटा बंद केला का? नाही, भोक बुजवलं. २०११ मध्ये निवडणूक न्यायाधिकरणाने सांगितलं की बाईची बदली बाईच पाहिजे, बस, खेळ खल्लास. २०१४ मध्ये उमेदवारीत निम्मे-निम्मे हे घटनेत गेलं आणि २०२१ च्या कनिष्ठ सभागृहात खरंच निम्म्या बायका बसल्या. हे सगळं बारा वर्षांत.

आणि आपल्याकडच्या थोतांडाबद्दल. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीत एक तृतीयांश सरपंचपदं बायकांना आली आणि कुठलं गाव राखीव हे आळीपाळीने ठरायला लागलं, त्यामुळे अभ्यासकांना आयती तुलना मिळाली, सारखीच गावं, एकीकडे बाई सक्तीने, एकीकडे नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी हे तपासलं, २००४ मध्ये छापून आलं. बीरभूममध्ये गावातल्या बायकांच्या तक्रारी पाणी आणि रस्ता या दोन्हींच्या होत्या, उदयपूरला बायका पाणी मागत होत्या आणि रस्ता पुरुषांना हवा होता. राखीव गावांत काय झालं तर बीरभूमला पाणी आणि रस्ता दोन्हीवर जास्त काम झालं, उदयपूरला पाण्यावर जास्त आणि रस्त्यावर कमी. सही करणारी बाई आणि डोकं नवऱ्याचं एवढंच सगळीकडे असतं तर पैसा असा वळलाच नसता. नवरा बैठकीत बसतो हे खरं, पण घोटाळा तिथे ग्रामसेवकापासून तहसीलपर्यंत सगळे त्याच्याशीच बोलतात यात जास्त आहे, त्यांना कोणी बजावलंय का की बाईशिवाय फाईल हलणार नाही म्हणून?

अजून एक सांगतो आणि थांबतो. आरक्षण प्रत्येक टर्मला फिरतं, त्यामुळे बाईला काम जमायला लागलं की जागा खुली होते आणि पक्ष तिला तिकीट देत नाही. पुन्हा निवडून यायची आशाच नसेल तर माणूस लोकांचं कशाला ऐकेल, बाई असो की बुवा. या फिरत्या चाकावर फार कमी लोक बोलतात, नवऱ्यावर सगळे बोलतात.

प्रश्न : प्रत्येक समाजाला लोकसंख्येप्रमाणे जागा द्या आणि ज्याची जागा त्यानेच मत द्यायचं, म्हणजे खरा प्रतिनिधी येईल. हे का करत नाहीत? (दोन-तीन वाचकांचा सारखाच प्रश्न)

उत्तर : करून झालंय, बऱ्याच ठिकाणी.

पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या काळात १९८५ पासून स्वतंत्र मतदारसंघ आले. हिंदू, ख्रिश्चन वगैरे अल्पसंख्यांनी फक्त आपापल्या राखीव जागांसाठी मत द्यायचं, सर्वसाधारण जागेवर त्यांना मतच नाही. ऐकायला छान, आपला माणूस आपणच निवडायचा. प्रत्यक्षात झालं असं की ज्या भागात ते राहतात तिथल्या खासदाराला त्यांच्या मोहल्ल्यात पाय ठेवायचं कारणच उरलं नाही, मत नाही तर गटार कशाला साफ करायचं, आणि जो त्यांचा स्वतःचा खासदार तो पडला अख्ख्या देशाचा, कुठे कुठे पोचणार. तिथल्या अल्पसंख्याकांच्याच संघटना वर्षानुवर्षं ही पद्धत बंद करा म्हणून भांडत होत्या, २००२ मध्ये ती गेली. राखीव जागा राहिल्या, पण आता त्या पक्षांना मिळालेल्या जागांच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणजे माणूस कोण हे पक्ष ठरवतो. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात.

लेबनॉनचं तर अजून विचित्र. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, आणि यादवी संपवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारानंतर संसदेच्या जागा ख्रिश्चन आणि मुस्लिम निम्म्या-निम्म्या, आज १२८ आहेत. हे वाटप मुळात ज्या जनगणनेवर उभं राहिलं ती १९३२ ची, त्यानंतर तिथे अधिकृत जनगणना झालीच नाही, कारण मोजलं तर कोणाचा वाटा हलेल या भीतीने कोणी मोजायलाच तयार नाही. ज्याला समाजाच्या नावावर जागा मिळते तो समाजाची भिंत पाडेल कशाला? यादवी संपल्यावर त्या काळातले बरेच सेनानीच पुढारी म्हणून बसले आणि राहिले.

योगायोग बघा, १९३२ मध्येच आपल्याकडे पुणे करार झाला. ब्रिटिशांनी दलितांना ७१ जागा स्वतंत्र मतदारसंघाने देऊ केल्या होत्या, करारात त्या १४८ झाल्या पण मतदान संयुक्त. आंबेडकरांचा आक्षेप नेमका होता आणि अजूनही ताजा आहे, राखीव जागेवरचा उमेदवार सगळ्यांच्या मतांवर येणार म्हटल्यावर तो इतरांना न दुखावणाराच निवडला जाणार. आजही राखीव जागेवरचे किती खासदार अत्याचाराच्या घटनेवर स्वतःच्या पक्षाला धारेवर धरतात ते मोजा, हाताची बोटं पुरतील. तेव्हा एकीकडे फक्त आपल्यांनी निवडलं की बाकीचे वाऱ्यावर सोडतात, दुसरीकडे सगळ्यांनी निवडलं की माणूस गप्प होतो. मी तरी संयुक्त मतदानाच्या बाजूचा आहे, पण त्याचा तोटा नाहीच असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

प्रश्न : आमचा खासदार हुशार आहे, अभ्यासू आहे, पण पार्लमेंटमध्ये पक्षाविरुद्ध एक शब्द नाही. यांना भीती कसली वाटते? (एक वकील वाचक)

उत्तर : वकीलसाहेब, तुम्हाला घटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, मी काय सांगणार, बाकीच्यांसाठी सांगतो. १९६७ ला हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तिथून ‘आयाराम गयाराम’ आलं, आणि या पळापळीवर उपाय म्हणून १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा झाला. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं हा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाते. बरं, हा व्हिप सरकार वाचवायच्या ठरावापुरता नाही, कुठल्याही साध्या विधेयकावर काढता येतो. बांगलादेशने तर हेच कलम ७० म्हणून १९७२ च्या मूळ घटनेतच घातलं होतं. आणि घोडेबाजार थांबला का म्हणाल तर एकेकटे पळायचे ते आता गठ्ठ्याने पळतात, कारण दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण दाखवलं की कायदा लागत नाही, आणि अपात्रतेचा निकाल द्यायचा सभापतीने, जो सहसा सत्ताधारी पक्षाचाच.

भीती किती असते याचा एक हिशोब दक्षिण आफ्रिकेत सापडतो. तिथे पक्षाची बंद यादी असते, मतदार पक्षाला मत देतो, यादीत कितव्या नंबरवर कोण हे पक्ष ठरवतो, पक्षाने काढून टाकलं की खासदारकीही गेली. तेव्हाचे अध्यक्ष जेकब झुमा यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप एवढे की पक्षातले लोकही खाजगीत वैतागलेले, पण अविश्वास ठराव आले की सगळे हात निमूटपणे त्यांच्याच बाजूने. २०१७ मध्ये विरोधकांनी कोर्टात जाऊन विचारलं की गुप्त मतदान घेता येतं का, तिथलं घटना न्यायालय म्हणालं सभापतींना तो अधिकार आहे, आणि ८ ऑगस्टला गुप्त मतदान झालं. झुमांच्या सत्ताधारी एएनसी पक्षाचे ४०० पैकी २४९ खासदार, बाकी सगळे विरोधक मिळून १५१. ठरावाच्या बाजूने किती मतं पडली? १७७. म्हणजे विरोधकांतला एकही गैरहजर नव्हता असं धरलं तरी कमीत कमी २६ एएनसीवाल्यांनी स्वतःच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिलं. ठरावाविरुद्ध १९८ मतं पडली म्हणून झुमा वाचले, पण पडदा लावल्याबरोबर २६ जणांना कंठ फुटला हे सगळ्या देशाने बघितलं.

आता लगेच म्हणू नका की मग सगळंच मतदान गुप्त करा. माझ्या खासदाराने कुठे मत दिलं हे मलाही कळलं पाहिजे, गुप्त ठेवलं तर पैसे घेऊन मत फिरवणं अजूनच सोपं. माझ्या मते व्हिप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि बजेटपुरता ठेवावा, बाकी विधेयकांवर माणसाला मोकळं सोडावं. ही मागणी आपल्याकडे जुनी आहे, पण ज्यांच्या हातात व्हिप आहे त्यांनीच तो सोडायचाय, तेव्हा समजून घ्या.

फिलिपिन्सचं या निमित्ताने आठवलं म्हणून जाता जाता. तिथल्या १९८७ च्या घटनेत लिहिलंय की राजकीय घराणेशाहीला बंदी, ‘कायद्याने व्याख्या केल्याप्रमाणे’. व्याख्या करायची तिथल्या संसदेने, आणि संसद भरलेली घराण्यांनी, त्यामुळे तीस वर्षं उलटून गेली तरी कायदा होईना. २०१६ ला झाला तो फक्त गावपातळीवरच्या युवक मंडळांसाठी! पोरांना घराणेशाही चालणार नाही, पप्पांना चालेल.

प्रश्न : मतदान सक्तीचं केलं तर? (एक वाचक)

उत्तर : ब्राझीलमध्ये १८ ते ७० वयाच्या साक्षरांना सक्ती आहे, बोलिव्हियातही आहे, टक्का चांगला लागतो. पण टक्का हा ताप मोजण्यासारखा आहे, थर्मामीटर बर्फात बुडवून काय उपयोग. ट्युनिशियात २०११ च्या क्रांतीनंतर लोक रांगा लावून मतदान करत होते, २०२१ ला अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, नवी घटना आणून तिचे अधिकार छाटले, आणि डिसेंबर २०२२ ला त्या संसदेसाठी मतदान ठेवलं तर जेमतेम ११ टक्के लोक गेले. ते आळशी नव्हते, त्यांना बरोबर कळलं होतं.

प्रश्न : तुम्ही काहीही म्हणा, गरीब आणि अडाणी देशांना लोकशाही झेपत नाही. ज्याला वाचता येत नाही तो काय प्रतिनिधी निवडणार? आधी शिक्षण, मग मत. (एक उद्योजक)

उत्तर : साहेब, तुमचं पत्र सगळ्यात लांब होतं आणि तिरसटही, म्हणून उत्तरही जरा लांब देतो.

ब्राझीलने हेच धोरण शंभर वर्षं चालवलं. निरक्षरांना तिथे १९८५ पर्यंत मतदानाचा हक्कच नव्हता. हक्क मिळाल्यावर काय झालं तर बॅलट पेपर कागदी, आणि खासदार-आमदार निवडायला त्यावर उमेदवाराचं नाव किंवा नंबर स्वतःच्या हाताने लिहायचा. आता शेकड्यांनी उमेदवार, ज्याने आयुष्यात पेन धरलं नाही तो काय लिहिणार? मतं ढिगाने बाद व्हायची, कोरी पडायची. हक्क कागदावर होता आणि कागदावरच अडकला.

मग १९९६ पासून मशीन आलं. छोटा स्क्रीन, बाजूला फोनसारखी आकड्यांची बटणं, उमेदवाराचा नंबर दाबला की त्याचा फोटो समोर येतो, चुकला तर केशरी बटण, बरोबर असेल तर हिरवं. आपल्या बॅलटवरच्या चिन्हांसारखीच कल्पना, वाचता आलं नाही तरी माणूस ओळखता येतो. १९९८ ला मशीन सगळ्यांना पुरत नव्हती म्हणून ४०,५०० पेक्षा जास्त मतदार असलेल्या गावांत मशीन आणि त्याखालच्यांत कागद असं केलं. तोमास फुजिवारा या अर्थतज्ज्ञाने या रेषेच्या थोडं अलीकडची आणि थोडं पलीकडची गावं ताडून पाहिली. मशीन आलेल्या गावांत बाद मतं एकदम खाली आली, जी नव्याने मोजली गेली ती मुख्यतः कमी शिकलेल्यांची. पुढे राज्यांचा हिशोब लावला तर जिथे अशी मतं जास्त वाढली तिथे सरकारी दवाखान्यांवरचा खर्च वाढला, कमी शिकलेल्या आयांच्या गरोदरपणातल्या तपासण्या वाढल्या आणि कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण घटलं.

लक्षात घ्या, या बायका शिकल्या नव्हत्या. तेवढ्याच अडाणी होत्या जेवढ्या चार वर्षांपूर्वी होत्या, फक्त त्यांचं मत पहिल्यांदा मोजलं गेलं. आणि आमदाराला दवाखाना आठवला. तुमचं ‘आधी शिक्षण’ ऐकलं असतं तर या दवाखान्याचा पैसा कुठे गेला असता याचा विचार करा, शिकलेल्यांना सरकारी दवाखान्याची गरज कमी असते.

आणि शिकलेले प्रतिनिधी म्हणाल तर इंडोनेशियाचं २०२५ चं बघा, ५८० खासदार, त्यात पदवीधर बरेच, त्यांनी महिन्याला पाच कोटी रुपिया (तिथलं चलन) घरभाडे भत्ता घेतला, जो राजधानी जकार्ताच्या किमान वेतनाच्या नऊ-दहा पट. ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर आले, माणसं मेली, तेव्हा कुठे भत्ता मागे घेतला. भत्ता घेताना कुठला प्रश्न पडला नाही त्यांना, पदवी असून.

प्रश्न : २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतं आणि २८२ जागा. ही कसली लोकशाही? मतांच्या प्रमाणात जागा का नकोत? (राजकारणात रस असलेला एक तरुण)

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि काँग्रेसलाही या पद्धतीचा असाच फायदा कित्येक दशकं झालाय, हेही लिहायला हवं होतंस दोस्ता.

लेसोथो नावाचा चिमुकला देश आहे, चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. १९९८ ला तिथे सत्ताधारी पक्षाला ६० टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि ८० पैकी ७९ जागा. उरलेल्या ४० टक्के लोकांना एक खासदार! शेजारच्या देशांचं सैन्य बोलवावं लागलं, राजधानीत जाळपोळ झाली. मग त्यांनी २००२ पासून मिश्र पद्धत घेतली, ८० जागा मतदारसंघातून आणि ४० मतांच्या प्रमाणात भरपाई म्हणून. त्या वर्षीची निवडणूक शांततेत पार पडली, विरोधक सभागृहात आले. पुढे मात्र पक्ष फुटत गेले, २०१२, २०१५, २०१७ अशा लागोपाठ निवडणुका आणि आघाड्यांची ओढाताण.

मला स्वतःला मिश्र पद्धत आवडते, पण यादीतली नावं पक्षाच्या अध्यक्षाने बंद खोलीत लिहायची असतील तर नको, त्यापेक्षा आत्ताचा खासदार बरा, निदान मतदारसंघात त्याला तोंड दाखवावं लागतं. यादीच्या क्रमांकासाठी पक्षाच्या सभासदांचं मतदान आधी घ्या, ते निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होऊ द्या, आणि मग प्रमाणशीर जागांबद्दल बोलू. तू ज्या पक्षाचा आहेस त्या पक्षात शेवटची अशी निवडणूक कधी झाली ते विचारून बघ आणि पुढच्या पत्रात कळव.